करडईच्या तेलातली मोटार

काकांच्या शेडमधले आवाज मला डोळे मिटून ओळखता यायचे. कानस लोखंडावर चालली की कोरड्या घशाने कुणीतरी खाकरतंय असं वाटे. पत्रा ठोकताना लाकडी हातोडीचा आवाज बोदा यायचा, लोखंडी हातोडीचा टणक. गंजलेला बोल्ट सुटताना आधी बारीक किंचाळे, आणि त्याच्यामागून काकांचा ‘हं’ ऐकू येई, ताटात मनासारखी भाजी पडल्यावर यावा तसा. मी मागच्या पायरीवर अकाउंट्सचं पुस्तक मांडीवर घेऊन बसलेली असे. पायरी आणि शेड यांच्यात जेमतेम पाच पावलांचं अंतर होतं. ती पाच पावलं मी कधी टाकली नाहीत. काकांनी बोलावलं नाही, आणि बोलावल्याशिवाय कुठे जायचं नसतं, असं मी माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं.

मी मूळची घोटीची. बाबांचं तिथे बी-बियाण्यांचं दुकान. पाचवीला मला इंग्रजी शाळेत घालायचं ठरलं तेव्हा बाबांच्या थोरल्या भावाकडे, नाशकात म्हसरूळला, माझी रवानगी झाली. काका एका कारखान्याच्या टूलरूममध्ये फिटर होते. काका-काकूंना मूल नव्हतं आणि त्याबद्दल त्या घरात कुणी काही बोलत नसे. काकू फक्त माझ्या डब्यात रोज एक पोळी जास्त घाले. शाळेत मराठी बोललं की बाई डोळे वटारायच्या, आणि सुट्टीत घोटीला तोंडून इंग्रजी शब्द निसटला की भावंडं ‘मडम आली, मडम आली’ करत अंगणभर नाचायची. त्यामुळे कुठलंही वाक्य आधी मनात दोनदा बोलून बघायची सवय मला लागली. वाक्य तयार होईपर्यंत विषय पुढे गेलेला असे. आज तिशी उलटली तरी ती सवय पुरती सुटलेली नाही. हे प्रकरणसुद्धा बरेच दिवस नुसतं मनातच लिहिलं जात होतं.

मोटार काकांना चांदवडजवळ एका कांदाचाळीत सापडली. ते तिला कधी ‘गाडी’ म्हणाले नाहीत. गाडी म्हणजे बैलाची नाहीतर रेल्वेची, ही मोटार. आमच्या आजोबांच्याही तरुणपणातली, विलायती बनावटीची, पुढे दोन वाटोळे दिवे आणि अंगाला गुबगुबीत वळणं. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून ती आली त्या संध्याकाळी काकू शेवेची भाजी करत होती. काळ्या मसाल्याचा खकाणा घरभर पसरला होता आणि आम्ही सगळे खोकत बाहेर आलो. काकूने हातातल्या उलथन्यासकट मोटारीला एक प्रदक्षिणा घातली.

“हिला दारं कुठायत?”

“येतील,” काका म्हणाले.

“आणि काचा?”

“येतील गं.”

“आणि हे असं किती दिवस येत राहणार आहे?”

काका हसले. पुढची सात वर्षं ते येतच राहिलं. एक दार मालेगावहून आलं, दुसरं काकांनी पत्र्यातून स्वतः घडवलं. आमच्या घराला लागून एक मोकळा प्लॉट होता. मालक मुंबईला राहायचा, तो ‘वापरा हो, पडूनच आहे’ म्हणाला, म्हणून काकांनी तिथे पत्र्याची शेड उभी केली. कारखान्यातून आले, चहा प्यायले, की काका शेडमध्ये आणि मी पायरीवर. मोटारीने त्या काळात एक इंचही वाट चालली नाही, पण तिच्यावर हात फिरवून काका आत आले की त्यांचा चेहरा लांबच्या प्रवासाहून आल्यासारखा दिसायचा.

मी बारावीत असताना एका दुपारी काका शेडमधून पाणी प्यायला आत आले आणि माठापाशीच खाली बसले. डॉक्टर येईपर्यंत संपलं होतं. दिवस-कार्य झालं, पाहुणे गेले. शेडला कुलूप लागलं. काकू दर शनिवारी ते उघडायची, आत तासभर असायची आणि परत कुलूप लावायची. आत ती काय करते हे मी चार वर्षांत एकदाही विचारलं नाही. झाडलोट करत असेल, किंवा नुसती बसत असेल, असं धरून चालले. आता वाटतं, त्या घरातल्या माणसांवर माझी माया होती, पण चौकशी नव्हती.

मग प्लॉट विकला गेला. नवा मालक भला माणूस होता. पेढे घेऊन घरी आला, अक्षय्य तृतीयेला भूमिपूजन आहे, तोवर जागा रिकामी झाली तर बरं, म्हणाला. संक्रांत नुकतीच झाली होती. घोटीहून बाबा आले. “वहिनी, भावना समजतात मला,” ते म्हणाले, “पण ही ठेवायची कुठे आणि कशासाठी? भंगारवाल्याला सांगतो.”

काकूने निवडायला घेतलेलं तिळाचं ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, “ह्यांनी कुठलंही काम अर्धं टाकलं नाही. हे एकच राहिलं. तिचं इंजिन एकदा चालू होऊ दे. झालं तर तुमच्या घोटीच्या गोदामात ठेवा, मी सांभाळीन. नाही झालं तर आखितीला घेऊन जाऊ दे भंगारवाल्याला. मी काही म्हणणार नाही. पण असं अधांतरी मला बघवत नाही आता.”

“पण करणार कोण?” बाबा म्हणाले.

“मी करते.”

हे वाक्य मी मनात एकदाही म्हणून पाहिलं नव्हतं. मी तेव्हा एम.कॉम.च्या पहिल्या वर्षाला होते आणि घरातला मिक्सरसुद्धा मी कधी उघडला नव्हता. बाबा माझ्याकडे पाहून हसले, मग हसायचे थांबले.

दुसऱ्या दिवशी मी ती पाच पावलं टाकली. आत गेल्यावर मला आपोआप चपला काढाव्याशा वाटल्या. मला गंज, जळमटं, उंदरांची घाण दिसेल असं वाटलं होतं. समोर लांब फळीवर पांढरं फडकं अंथरून इंजिनाचे भाग ओळीने मांडलेले होते, लग्नात रुखवत मांडतात तसे, आणि एकूण एक भाग चकाकत होता. पत्र्याच्या भोकातून आलेल्या उन्हाचे कवडसे त्यांच्यावर पडून छपरावर थरथरत होते. इंजिन लाकडी घोड्यावर उताणं होतं आणि त्याच्या पोटातल्या एका नटावर पाना तसाच अडकलेला होता. काका पाणी प्यायला उठले तेव्हाचा. चार वर्षांत तो कुणी काढला नव्हता. मी पान्याला हात लावला. तो थंड असेल असं वाटलं होतं, पण पत्रा तापल्यामुळे कोमट होता. मी जोर लावला. नट पाव फेरा फिरला आणि घट्ट बसला. पाव फेरा राहिला होता फक्त. मी पाना हातात घेऊन किती वेळ उभी होते कोण जाणे. एका माणसाने सात वर्षं रोज संध्याकाळी किती काय केलं होतं, हे भिंतीपलीकडून ऐकणारीला कधी कळलंच नव्हतं.

बाबांनी मग दगूमिस्त्रींना पाठवलं. सत्तरीचे, वाळलेल्या खारकेसारखे, डोक्यावर टोपी. घोटीच्या भाताच्या गिरण्यांची जुनी इंजिनं त्यांनी उभ्या आयुष्यात सांभाळली होती. पेट्रोलच्या मोटारीला कधी हात लावला नव्हता.

“इंजिन म्हंजी इंजिन,” ते म्हणाले. “भात भरडतंय का मानसं वाहतंय, त्याला काय ठाव?” मग फळीकडे बघून त्यांनी शीळ घातली. “लय निगा राखलीय कुनीतरी. येवढं लखलखीत तर माझ्या सुनेचं सोनं नाय.”

मी फोनवर त्या मोटारीची माहितीपुस्तिका शोधून काढली होती, सगळी इंग्रजीत. मी वाचायची, मनात मराठी जुळवायची, आणि दगूबाबा वाट बघायचे. “ताई, तुझी गिरनी सुरू व्हायला लय टाइम लागतो बघ,” ते म्हणायचे. “निवडत बसू नको, जसं हाय तसं वत.” हळूहळू मी न निवडता बोलू लागले. मला पुस्तिकेतली नावं माहीत होती, वस्तू माहीत नव्हत्या. त्यांना वस्तू पाठ होत्या, नावं त्यांनी त्यांचीच ठेवलेली. एक झडप उचलून ते म्हणाले, “ही छत्री. ही उघडली का इंजिन श्वास घेतं, दुसरी उघडली का सोडतं. मदी ज्ये व्हतं, ते आपलं काम.” अशा आठ छत्र्या होत्या. मी त्या एकेक करून स्वतः बसवल्या. कोपऱ्यात तेलाचा डबा आणि शेजारी फडकं ठेवलेलं होतं. दगूबाबा तंबाखू मळायला बाहेर गेले होते. काकांचंच मशीनचं तेल असणार, असं धरून मी प्रत्येक छत्रीच्या दांड्याला त्यातलं तेल सढळ हाताने चोपडलं. कुणाला विचारावं असं मनात आलं होतं. पण एवढंही कळत नाही का, असं कुणी म्हणेल म्हणून विचारलं नाही.

चैत्र लागला. काकूने गच्चीवर कुरडया घातल्या. भिजवलेल्या गव्हाचा आंबूस वास जिन्यातून उतरून शेडपर्यंत यायचा. अक्षय्य तृतीयेला पंधरा दिवस उरले असताना साखळीच्या कप्पीने इंजिन मोटारीत बसलं. वायरी, बॅटरी, नळ्या जोडण्यात आणखी अकरा दिवस गेले. टाकी गळकी होती म्हणून पेट्रोलची बाटली उलटी टांगली, तिच्यातून रबरी नळी. दगूबाबांनी पुढच्या बाजूने हँडल घातलं आणि मारलं. ते गरकन फिरलं. परत मारलं, परत तसंच. त्यांचा चेहरा उतरला.

“लोन्यातून फिरल्यावानी फिरतंय,” ते म्हणाले. “इंजिनानं हाताला मागं लोटायला पायजे. दम धरत नाय ह्ये. छत्र्या उघड्या ऱ्हायल्यात.”

चार दिवस उरले होते. आम्ही वरचं झाकण खोललं. आठातल्या पाच छत्र्या वर उचललेल्या अवस्थेत चिकटून बसल्या होत्या. दगूबाबांनी एक ठोकून ठोकून काढली. दांड्यावर मधासारख्या रंगाचा चिवट थर होता. त्यांनी तो नखाने खरडला, नाकाशी नेला आणि माझ्याकडे पाहिलं.

“ताई, ह्ये वंगान नाय. ह्ये भज्याचं त्याल हाय! कुनी कढई केली गं इंजिनाची?”

मी डब्याकडे बोट दाखवलं. डब्याचं झाकण उघडून वास घेतला तेव्हा मला आमच्या स्वयंपाकघराचा वास आला. शेडच्या दारात काकू पन्ह्याचे पेले घेऊन उभी होती. किती वेळापासून, माहीत नाही.

“मी लावलं,” मी घाईघाईने म्हणाले. “मला वाटलं काकांचं आहे.”

“तेल माझं आहे,” काकू म्हणाली. तिने पेले खाली ठेवले. “करडईचं. लोखंड कोरडं ठेवतात का कुठे? तव्याला लावते, विळीला लावते, अडकित्त्याला लावते. ह्यांच्या मोटारीला नको? दर शनिवारी एकेक तुकडा पुसून ठेवत आले. भोकांतून विणायच्या सुईला चिंधी गुंडाळून फिरवत होते. गंज चढला असता ना.” तिचा आवाज बारीक झाला. “मीच घालवली का हो मिस्त्री ह्यांची मोटार?”

दगूबाबांनी डोक्यावरची टोपी काढली. थट्टा त्यांच्या तोंडावरून पार पुसली गेली होती.

“वहिनी,” ते म्हणाले, “चार साल पावसाळं खाल्लं ह्या पत्र्यानं. आन् आत गंजाचा एक ठिपका नाय. मला वाटलं, मालकानं कायतरी विलायती औषिध लावलं आसंल. तुमी व्हय?” त्यांनी फळीवरून, फडक्यावरून, मोटारीच्या अंगावरून नजर फिरवली. “देवाचीबी येवढी पूजा करीत नाय कुनी.”

मीही त्यांच्या नजरेमागून पाहत गेले. दोनशेहून जास्त शनिवार. शेकडो तुकडे. ज्यांची नावं तिला माहीत नव्हती, कामं माहीत नव्हती, त्यातला प्रत्येक तिने हातात घेऊन पुसला होता. काकांनी सात वर्षं केलं ते मी निदान ऐकलं होतं. काकूचं काम असं होतं की त्याला आवाजच नव्हता.

काकूने डोळे पुसले आणि दगूबाबांच्या हातातून छत्री घेतली. उजेडात धरली. अंगठ्याने थर चाचपला. आणि तिचा चेहरा बदलला. बाजारात वांगी बघताना असतो तसा झाला.

“हे खरवडू नका,” ती म्हणाली.

“वहिनी, खरडल्याबिगार निघतंय व्हय?”

“ओरखडे पडतील. कढईचा थर खरवडायचा नसतो, उकळायचा असतो. रेणू, कुरडयांचं मोठं पातेलं काढ. आणि धुण्याचा सोडा आण, डबा आख्खा आण.”

त्या तीन दिवसांत शेडचा ताबा काकूकडे होता. अंगणात तीन विटा मांडून पातेलं चढवलं. छत्र्या आणि त्यांच्या स्प्रिंगा सोड्याच्या पाण्यात रटरटत होत्या, पाणी चहासारखं तांबूस होत होतं, आणि काकू लाकडी पळीने त्या वरखाली करत होती. इंजिनाच्या भोकांत ती फनेलने उकळतं पाणी सोडायची आणि सुईला चिंधी गुंडाळून फिरवायची. ज्या हाताने तेल भरलं होतं त्याच हाताने ते काढत होती. दगूबाबा उकिडवे बसून बघायचे. “गिरनीची इंजिनं खरडून खरडून माझी नखं गेली,” ते एकदा म्हणाले, “आन् हितं आमटीवानी उकळून मोकळ्या! वहिनी, तुमी पयल्या भेटाया पायजे व्हत्या.” काकू म्हणाली, “आता भेटले ना? मग चुलीला फुंकर घाला.” काका गेल्यापासून तिने कुणाची अशी फिरकी घेतली नव्हती.

तिसऱ्या दिवशी सूर्य मावळताना छत्र्या परत बसल्या, या वेळी दगूबाबांनी घोटीहून आणलेल्या खऱ्या वंगणात. डबा मी तीनदा हुंगला आणि तरीही दोनदा विचारलं.

अक्षय्य तृतीयेच्या सकाळी काकूने काकांच्या नावाने घागर भरली, आंबे पाण्यात टाकले, आणि हात पुसत शेडमध्ये आली. गल्लीच्या तोंडाशी भंगारवाल्याचा टेम्पो येऊन उभा होता. बाबा घोटीहून आले होते. प्लॉटच्या दुसऱ्या टोकाला गुरुजी भूमिपूजनाचे पाट मांडत होते आणि नव्या मालकाने आणून टाकलेल्या वाळूच्या ढिगावर गल्लीतली पोरं चढून बसली होती.

“हँडल तू मार,” दगूबाबा मला म्हणाले. “अंगठा भायेर ठेव. उलटं फिरलं तर मनगट जातं.”

मी मारलं. हँडल अर्ध्यावर गेलं आणि त्याने मला मागे लोटलं. आत काहीतरी होतं, आणि ते दम धरून होतं. दुसऱ्यांदा मारलं, नुसता उसासा. तिसऱ्यांदा ते खोकलं. चौथ्यांदा, पाचव्यांदा काही नाही. बाबा घड्याळ पाहू लागले. सहाव्यांदा मी डोळे मिटून सगळं अंग त्यावर टाकलं, आणि मोटार सुरू झाली.

आधी एक-दोन, मग तीन, आणि मग चौथा ठोका येऊन त्यांच्यात मिसळला. सगळी शेड हलू लागली. पत्रे, फळी, खिळ्याला लटकवलेले पाने, माझे दात. निळा धूर निघाला आणि त्याला चक्क भज्यांचा वास होता. गुरुजींनी मान वळवून आमच्या घराकडे पाहिलं. या शेडमधला प्रत्येक आवाज मला ओळखीचा आहे असं मी समजत होते. हा मला माहीत नव्हता. काकांनाही माहीत नव्हता. ते सात वर्षं ज्याच्यासाठी खपले तो आवाज त्यांनी कधी ऐकलाच नव्हता, आणि तो पत्र्यावर आपटून आमच्या अंगावर येत होता. दगूबाबांनी हात जोडले होते. बाबांनी खिशातून रुमाल काढला आणि नुसता हातात धरून ठेवला.

“झालं! झालं चालू!” बाबा ओरडले. “वहिनी, तुमचा शब्द खरा. घोटीला नेऊ. आता बंद करा आणि टेम्पोवर चढवू या.”

काकू घरात गेली. तिने देवघरासमोरचा पाट आणून मोटारीत ठेवला, कारण आत बैठका नव्हत्याच, पदर खोचला आणि आत जाऊन बसली. “रेणू,” ती म्हणाली, “चल.”

मी मोटार चालवायच्या क्लासला महिनाभर गेले होते, तेवढंच. उलट्या बादलीवर बसून मी पहिला गिअर टाकला. मोटार एक आचका देऊन शेडच्या बाहेर उन्हात आली. दगूबाबा हातात लाकडी ठोकळा घेऊन शेजारून धावू लागले. “ताई, थांब! वहिनी, बिरेक नाय लावल्यात आजून! बिरेक नाय हो!”

“ब्रेक नाहीत ना?” काकू दाराला धरून म्हणाली. “मग थांबायचा प्रश्नच नाही.”

समोर गुरुजी होते, पाट होते, कळस होता, आणि उजवीकडे वाळूच्या ढिगावरची पोरं. माझ्या तोंडून वाक्य निघालं ते मनात एकदाही घोळलं नव्हतं आणि गल्लीच्या त्या टोकापर्यंत गेलं असणार. “बाजूला व्हा! सगळे बाजूला व्हा!” पोरं पाखरांसारखी उडाली. मी चाक उजवीकडे पिळलं. मोटारीने ढिगात नाक खुपसलं, क्लचवर पाय दाबून धरून मी तशीच बसले, आणि इंजिन चालूच राहिलं.

सगळे धावत आले आणि मोटारीपासून दोन हातांवर थांबले, कुणी अडवल्यासारखे. भंगारवाला पुढे झाला. त्याने बॉनेटवर तळवा ठेवला, चटका बसल्यासारखा उचलला, आणि पुन्हा ठेवला. काकू पाटावर ताठ बसली होती, दोन्ही हात मांडीवर, पुढच्या बिनकाचेच्या चौकटीतून समोर बघत. समोर वाळूशिवाय काही नव्हतं. पण लांबचा मुलूख दिसत असावा तसे तिचे डोळे होते. आम्ही तशाच बसून राहिलो. किती वेळ, ते मला खरंच सांगता येत नाही.

मग बाटली रिकामी झाली. चारातला एक ठोका गळाला, मग दुसरा, आणि मोटार शांत झाली.

“काय झालं?” काकूने विचारलं.

“पेट्रोल संपलं.”

“मग आण की,” ती म्हणाली. ती उतरली नाही. मी बादलीवरून उठले आणि माझ्या स्कूटरच्या टाकीतलं काढायला घराकडे धावले.